शहर वाढतंय, उरलेल्या मोकळ्या जागा राखल्या की पुरे नाही का?

तुम्ही विचारलंय की शहर झपाट्याने वाढत असताना उरलेल्या मोकळ्या जागांना कुंपण घातलं की प्राणी-पक्षी वाचतील, मग अधिवास राखण्याचा शास्त्रीय आराखडा कशाला हवा?

हवा, कारण जागा शिल्लक राहिली म्हणजे अधिवास शिल्लक राहिला असं नसतं. कॅलिफोर्नियातल्या कोचेला खोऱ्यात एक सरडा आहे. त्याच्या बोटांना खवल्यांची झालर असते, त्यामुळे तो भुसभुशीत वाळूवर सुसाट पळतो आणि धोका दिसला की त्याच वाळूत शिरतो. वाऱ्याने आणलेली बारीक वाळू नसेल तर त्याचं काही चालत नाही. खोऱ्यात घरं वाढू लागल्यावर १९८६ मध्ये त्याच्यासाठी आराखडा मंजूर झाला. विकासकांकडून शुल्क घेऊन राखीव जागा उभ्या राहिल्या. पण ही वाळू जागच्या जागी तयार होत नाही. डोंगरातून पुराबरोबर गाळ येतो, त्यातली बारीक वाळू वारा उचलून खाली पसरवतो. वाटेत इमारती किंवा झाडांच्या रांगा आल्या की ही आवक थांबते, हळूहळू जमीन घट्ट होते आणि राखीव जागेत एक वीटही न रचता सरडा हद्दपार होतो. त्याच खोऱ्यासाठी २००८ मध्ये २७ प्रजातींचा मोठा आराखडा आला. त्यात वाळू येण्याचे मार्ग राखण्याचाही विचार आहे. मला हा बदल सर्वांत मोलाचा वाटतो.

दुसरी गोष्ट तुकड्यांची. कॅलिफोर्नियातल्याच सॅन डिएगो शहरात वस्त्यांनी वेढलेल्या झुडपी घळींचे २८ तुकडे अभ्यासून क्रुक्स आणि सूले या संशोधकांनी १९९९ मध्ये निष्कर्ष मांडले. कायोटी (तिकडचा कोल्ह्यासारखा शिकारी) जिथून नाहीसा झाला होता, तिथे मांजरांचं फावलं आणि झुडपांत घरटी करणारे पक्षी घटले. कायोटीला हिंडायला सलग जागा लागते. म्हणजे पक्षी वाचवायचे तर त्याला एका तुकड्यातून दुसऱ्यात जाता आलं पाहिजे. नकाशावर हिरवा रंग पाहून हे कळत नाही.

अमेरिकेत संकटग्रस्त प्रजातींच्या कायद्यातल्या १९८२ च्या दुरुस्तीनंतर असा सौदा होतो: बिल्डरला काही अधिवास मोडायची परवानगी, बदल्यात आराखडा आणि त्यासाठी पैसा. सॅन डिएगोने १९९७ मध्ये हेच ८५ प्रजातींसाठी एकत्रितपणे केलं. एकेका प्लॉटपुरती तडजोड करण्यापेक्षा हे कितीतरी बरं. पण परवाने अनेक दशकांचे असतात आणि त्या काळात दुष्काळ पडतात, वणवे लागतात. म्हणून दरवर्षीची मोजणी आणि तिच्यानुसार व्यवस्थापन बदलण्याची सोय नसेल, तर अशा आराखड्याला मी शास्त्रीय म्हणणार नाही. मोजणीचा खर्च कोण, किती वर्षं करणार हे करारातच लिहिलेलं असावं.

आणि हे सगळं रस्त्यांची आखणी ठरण्याआधी व्हायला हवं. रस्ता झाला की दोन्ही बाजूंच्या जमिनीचे भाव चढतात आणि संचारमार्गासाठी लागणारी पट्टी विकत घेणं जवळजवळ अशक्य होतं.