खाली मान घालून बसला म्हणजे काहीतरी लपवतोय का?

प्रश्न : मॅडम, आम्ही सिंहगड रोडला राहतो. गेल्या रविवारी मुलीला बघायला एक स्थळ आलं होतं, मुलगा हिंजवडीला आयटीत आहे, घरचेही चांगले वाटले. पण माझ्या भावाने मध्ये दोन दिवसांचं बॉडी लँग्वेजचं वर्कशॉप केलंय. तो म्हणतो मुलगा सारखा खाली बघत होता, पगाराचं विचारल्यावर दोनदा नाकाला हात लावला, नंतर हाताची घडी घालून बसला, म्हणजे नक्की काहीतरी लपवतोय, शब्द फक्त ७ टक्के असतात बाकी शरीरच बोलतं. मुलीला मुलगा आवडलाय, पण आता माझ्याच मनात पाल चुकचुकली. नकार कळवायचा का?

उत्तर : ताई, एवढ्यावरून नकार कळवू नका, खरंच कळकळीने सांगते. ते ७ टक्के आधी डोक्यातून काढा. अल्बर्ट मेहराबियन नावाच्या मानसशास्त्रज्ञाचे १९६७ सालचे प्रयोग आहेत ते, त्यात सुटा शब्द वेगवेगळ्या सुरात ऐकवायचे, चेहऱ्याचे फोटो दाखवायचे आणि बोलणाऱ्याच्या मनात आपुलकी आहे की नाराजी एवढंच ओळखायला सांगायचे. म्हणजे मुलगी तुटक आवाजात ‘काही नाही झालं’ म्हणाली की आपण शब्द सोडून आवाज धरतो ना, तेवढ्यापुरतंच ते खरं. पगार किती, नोकरी कुठे, याला तो हिशोब लागूच होत नाही, हे स्वतः मेहराबियननीच सांगितलंय.

आता खाली बघण्याचं. ५८ देशांत लोकांना विचारलं होतं की खोटारडा कसा ओळखाल, तर सगळ्यात जास्त उत्तर आलं ‘नजर चुकवतो’. आणि प्रत्यक्षात २००३ मध्ये बऱ्याच अभ्यासांचे आकडे एकत्र करून बघितले तर नजरेचा आणि खोटं बोलण्याचा संबंध जवळपास शून्य निघाला. २००६ च्या अशाच एका मोठ्या आढाव्यात, नुसतं बघून-ऐकून खरं-खोटं ओळखणाऱ्यांचं सरासरी ५४ टक्के बरोबर आलं, नाणं उडवलं तरी ५० येतात, आणि त्यात पोलिसासारखे रोज हेच काम करणारे लोकही काही वेगळे नव्हते. मग दोन दिवसांच्या वर्कशॉपवर मुलीचं स्थळ सोडायचं का?

जरा तो रविवार आठवा. मुलगा सोफ्याच्या कडेला बसलेला, एका हातात पोह्यांची डिश, समोर पाच-सहा मोठी माणसं आणि त्यातला एक मामा टक लावून बघतोय. डिश खाली ठेवल्यावर हात कुठे ठेवायचे हेच कळत नाही हो अशा वेळी, घडी घातली जाते. आणि मोठ्यांसमोर नजर खाली ठेवणं हे तर आपणच मुलांना शिकवलंय. पॉल एकमन या मानसशास्त्रज्ञाने या चुकीला ‘ऑथेल्लो एरर’ असं नावच दिलंय, म्हणजे आपल्यावर कुणी विश्वास ठेवत नाहीये या भीतीने माणूस गडबडतो आणि आपण ती गडबड खोटेपणाची खूण समजतो.

शरीर काहीच सांगत नाही असं माझं म्हणणं नाही. पण ते आपल्या ओळखीच्या माणसाचं जास्त कळतं, कारण तो एरवी कसा असतो ते माहीत असतं. तुमच्या मुलीचं तुम्हाला कळेल. त्याच्याशी बोलताना ती मोकळी होती का, मध्येच गप्प झाली का, तो गेल्यावर तिचा आवाज कसा होता, हे बघा ना, मामाने मुलाचं काय पाहिलं त्यापेक्षा ते मोलाचं आहे.

आणि दोघांना एखाद्या सकाळी तळजाईच्या टेकडीवर फिरायला पाठवा, एकटं, दोन-तीनदा. शेजारी-शेजारी चालताना समोरासमोर बघत बसावं लागत नाही, त्यामुळे अवघड विषयही निघतात, पैशाचे, आईवडिलांचे, आधीच्या एखाद्या नात्याचे. तिला सांगा, तो काय सांगतो ते नीट ऐक, तपशील विचार, पुढच्या वेळी तोच विषय पुन्हा काढ, गोष्ट तीच राहते का बघ. पगाराचं मात्र नाकावरून ओळखायचं कशाला, सरळ फॉर्म १६, म्हणजे कंपनी देते तो पगाराचा आणि कापलेल्या टॅक्सचा दाखला, बघायला मागा आणि तुमच्या मुलीचाही आपणहून पुढे करा.