वाचक विचारतात: बंद पडलेली चेतक

प्रश्न: निवृत्तीनंतर घरची १९८६ची बजाज चेतक पुन्हा रस्त्यावर आणायची आहे. सात वर्षं बंद आहे. थेट किक मारू का?

उत्तर: मुळीच नको. आधी टाकीतलं जुनं पेट्रोल काढा. त्याचा चिकट थर कार्बोरेटरच्या (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तुकड्यात, बसतो. जेटमध्ये तार घालू नका, भोक मोठं होतं, हवेनेच फुंका. स्पार्क प्लग काढून सिलिंडरमध्ये चमचाभर टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनाचं तेल) सोडा आणि किक हाताने हळूहळू दाबा. प्लगचा गॅप, म्हणजे ठिणगी पडते ती फट, ०.६ मिमी ठेवा. ताज्या पेट्रोलमध्ये लिटरमागे २० मिली टू-टी ऑइल.

सुरुवातीचा धूर चालेल. तो थांबेचना आणि गिअर ऑइलही घटत असेल, तर क्लचकडचा ऑइल सील (गिअर ऑइल इंजिनात शिरू न देणारी कडी) गेलाय. त्यासाठी इंजिन उघडावंच लागेल. मूळ रंग शाबूत असेल तर कृपया रंगवू नका.