पोत्यात आंबलेलं गांडूळखत फेकू नका

निपाणीकडच्या दादांनी लिहिलंय, चाळलेलं गांडूळखत आत प्लास्टिक घालून पोत्यात शिवून ठेवलं, आता आंबट वास येतोय आणि वर पांढरी बुरशी आहे. बुरशीनं काही बिघडत नाही. वास येतोय म्हणजे आतली हवा संपली, आणि अशा कोंडलेल्या ओल्या खतातला थोडा नत्र वायू होऊन गेला असणार. पोती फोडा, सावलीत पसरा, खोऱ्यानं खालीवर करा. मातकट वास आला की उसाला घाला. रोपांना मात्र मी तरी घालणार नाही.

माझं नुकसान उलट्या बाजूनं झालं. आम्ही बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडचे. खत विकायचं म्हणून एका कार्यालयात नमुना नेला, तर म्हणाले ओलावा जास्त आहे, सगळं उन्हात वाळवा. खत नियंत्रण आदेशात गांडूळखताला 15 ते 25 टक्के ओलावा लिहिलाय, हे खरं. पण ते विक्रीच्या मालाचं माप, साठवणीला ते लावायचं नसतं. टेबलामागच्या एकानंही हे सांगू नये? मेच्या उन्हात अख्ख्या ढिगाचे खडे झाले, वरून पाणी मारलं तरी भिजेनात. जिवाणू मेले ते वेगळंच. तक्रार करायला गेलो तर साहेब मीटिंगला, ‘नाळे बन्नी’, म्हणजे उद्या या. अर्जही कन्नडातच लिहून आणा म्हणे. असो.

साठवताना ओलावा 40 टक्क्यांच्या आसपास राखला तर खत वर्षभर चांगलं राहतं. मुठीत दाबलं की गोळा व्हावा, पाणी गळू नये. ढीग सावलीत, वर ओलं गोणपाट, अधूनमधून पाण्याचा शिपका. पोती गिऱ्हाईक ठरल्यावरच भरायची. विकायला ओल कमी करायची तीही सावलीत पातळ पसरून.

आमच्याकडच्या पावसात शेडचा पत्रा आधी बघा. ढिगाखालून काळपट पाणी वाहिलं तर नत्र आणि पालाश त्यातूनच जातात. जमीन ओल धरत असेल तर खाली विटा-फळ्या घाला.

मी शेतीचं शिकलेला नाही, हा नुसता अनुभव. टक्के नेमके हवे असतील तर मत्तीकोप्पच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा.

आणि हो, चाळलेल्या खतात गांडुळांची अंडी राहतात. ढिगाच्या कडेला अर्धवट कुजलेल्या शेणाचे गोळे ठेवा. पिल्लं त्यात गोळा होतात, ती उचलून नव्या बेडवर सोडा. विकत कशाला घ्यायची?