वॉर्साला येताय? मग आधी नोवाकसाहेबांना भेटा

मार्चमध्ये तुमची बदली होतेय, बायको आणि चौथीतली मुलगी बरोबर येणार. घर-शाळेची माहिती मिळाली, पण ‘माणसं कशी आहेत आणि भाषेसाठी काय बघू’, असं तुम्ही विचारलंय. कागदांचं एकच सांगतो. जन्माचे, लग्नाचे दाखले मूळ प्रतीतच आणा. इथे शपथबद्ध भाषांतरकाराकडून त्यांचं पोलिश भाषांतर करून घ्यावं लागतं.

बघायचं म्हणाल तर पोलिश दिग्दर्शक येझी ग्रुझा यांच्या दोन विनोदी मालिका. ‘चाळिशीतला माणूस’ ही सत्तरच्या दशकातली. तिचा नायक इंजिनिअर कारवोव्स्की वॉर्सातला वाझ्येन्कोव्स्का महामार्ग आणि मुख्य रेल्वे स्टेशन बांधणाऱ्यांतला. १९९३ मध्ये ग्रुझांनी त्यालाच वीस वर्षांनी परत आणलं, तोवर कम्युनिस्ट राजवट गेलेली. पण खरी मजा १९९९ च्या ‘युरोपचे वाघ’मध्ये. यानुश रेविन्स्कींचा एडवर्ड नोवाक म्हणजे हाती पैसा खुळखुळायला लागलेला, पण तो मिरवायचा कसा हे न कळलेला गडी. हेच रेविन्स्की १९९१ मध्ये ‘बिअरप्रेमींच्या पक्षा’तर्फे खरोखर संसदेत गेले होते, थट्टा नाही!

हा नोवाक कुठून आला? १ जानेवारी १९९० पासून अर्थमंत्री बाल्त्सेरोविच यांच्या सुधारणा योजनेने भाव मोकळे सोडले, सरकारी कारखाने डबघाईला आले, आणि ज्याच्याकडे गाडी नि हिंमत तो व्यापारी झाला. आज जिथे राष्ट्रीय स्टेडियम आहे, तिथल्या जुन्या स्टेडियमात तेव्हा प्रचंड बाजार भरायचा. हातात पैसा आल्यावर काहींनी बुरूज-खांबांचे बंगले उठवले. असल्या घरांना लोक अजून ‘गार्गामेल’ म्हणतात, ‘स्मर्फ्स’ कार्टूनमधल्या त्या दुष्ट जादूगारावरून. आणि सुटावर पांढरे मोजे! त्या मोज्यांवरचे विनोद अजून संपलेले नाहीत.

हे सगळं मला पहिल्याच महिन्यात ठाऊक असतं तर बरं झालं असतं. ऑफिसात जेवताना मी मोठ्या कौतुकाने खराडीतल्या फ्लॅटची किंमत सांगितली, वर भावाची नवी गाडीही. आपल्याकडे लगेच ‘कितीला पडली?’ सुरू होतं. इथे सगळ्यांनी सूपमध्ये तोंड घातलं. नंतर शेजारच्या आजींनी शब्द शिकवला: ‘दोरोबक्येविच’, म्हणजे नवश्रीमंत, उथळ पाण्याचा खळखळाट. तेव्हा पगार विचारू नका, सांगूही नका. तक्रार मात्र खुशाल करा. हवा, ट्राम, सरकार, कशाचीही चालते.

भाषेसाठी या मालिकेचा फायदा वेगळाच. अनोळखी आणि वडीलधाऱ्या माणसांना ‘पान’ (पुरुषाला) आणि ‘पानी’ (बाईला) म्हणायचं, आपल्या ‘तुम्ही’सारखं. नोवाक कुणाशी कधी सलगी करतो आणि समोरचा कसा आखडतो, ते कान देऊन ऐका, व्याकरणाच्या पुस्तकापेक्षा लवकर डोक्यात बसतं. पोलिश सबटायटल्स लावूनच बघा. मुलीला तुमच्याबरोबर बसवू नका. ती सहा महिन्यांत शाळेत शिकेल आणि मग तुमचे उच्चार दुरुस्त करत बसेल. आमच्याकडे रोज तेच चाललंय.