चूक दिसली की आधी मूळ शोध

चि. पोरी, अनेक आशीर्वाद.

काल रात्री तुझा फोन आला तेव्हा इथे लाईट नव्हती, आणि पत्र्यावरच्या पावसात तुझं निम्मं बोलणं विरून गेलं. रडवेला आवाज तेवढा नीट ऐकू आला. मॉरिशसमधल्या कुणा बाईंनी आपला पूर्वज तुझ्या खापरपणजोबांचा पाचवा मुलगा म्हणून जोडला. तू तीनदा काढलास, त्यांनी तीनदा परत लावला. आता वंशवृक्षच सोडून देऊ का, असं विचारतेस. सोडायचा नाही. आणि चौथ्यांदा काढायचाही नाही.

फॅमिलीसर्च या इंटरनेटवरच्या वंशावळींच्या जागेवरचा वृक्ष सामाईक आहे. गेलेल्या माणसाची एकच नोंद, आणि ती कुणीही बदलू शकतो. सामाईक म्हणजे काय, हे आपल्याकडच्या पोरीला मी काय सांगू? एका विहिरीवर पाच घरांची पाळी असते, एका आंब्यावर सात नावं असतात. तिथे एकट्याच्या मनाने चालत नाही.

चूक दिसली की आधी तिचं मूळ शोध. ते सापडेपर्यंत नोंदीला हात लावायचा नाही. तुला हे फार सावकाशीचं वाटेल, वाटू दे.

मी जन्मभर तलाठी होतो. सातबाऱ्यावरचं जुनं नाव आम्ही पुसत नसू. त्याला कंस करायचा, शेजारी फेरफाराचा नंबर घालायचा. पन्नास वर्षांनी कुणीही सहाच्या नमुन्यात, म्हणजे फेरफारांच्या वहीत, जाऊन वाचावं, का बदललं ते. नोंद घातली की हितसंबंधितांना नोटीस, हरकतीला पंधरा दिवस, मग सर्कल अधिकाऱ्याने प्रमाणित करायची. त्या वृक्षातही प्रत्येक बदलाशेजारी कारण लिहायला जागा आहे, आणि मागचे सगळे बदल तारखेसकट दिसतात. मी सकाळी ते उघडून पाहिलं. तिन्ही वेळा तू कारणाची जागा कोरी ठेवलीस. मला राग आला. समोरच्या बाईला तुझ्याकडे काय पुरावा आहे हे कळणार कसं?

आता त्यांच्या बाजूने बघ. 1834 पासून मॉरिशसला गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, माणसं गेली, त्यात मुंबई बंदरातून आपली कोकणातलीही गेली. कारकुनाने विचारलं, यांनी सांगितलं, त्याने कानाला लागलं तसं इंग्रजीत उतरवलं. नाव, बापाचं नाव, जिल्हा. आडनाव बहुतेक वेळा नाहीच. ते कागद आज मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहेत. त्यात ‘रत्नागिरी’ लिहिलं असेल तर शहर समजू नकोस. तेव्हाचा रत्नागिरी जिल्हा बाणकोटच्या खाडीपासून वेंगुर्ल्याच्या पलीकडे जात होता. सिंधुदुर्ग वेगळा झाला तो 1 मे 1981 रोजी. त्यात आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवायची रीत, म्हणजे एका वाडीत एकाच काळी त्याच नावाचे तिघे. त्या बाईंच्या हातात दोन नावं आणि एक जिल्हा, एवढंच आहे. एवढ्यावरून त्या तुझ्या दारापर्यंत आल्या. चूक असेलही, पण तिच्यामागे शंभराहून अधिक वर्षांची तहान आहे.

आणि मुलगे चारच होते, हे तुला कुणी सांगितलं? घरच्या वंशावळीने. आपल्या वंशावळींत मुलींची नावं नाहीत, आणि बोटीवर चढून परत न आलेल्यापुढे ‘निर्वंश’ लिहून लेखणी उचललेली असते. हे तू तपासलंस का?

मूळ शोधलं की चूकच कामाला येते. एखाद्याची मृत्यूची तारीख कागदाहून बरोबर एक वर्ष आधीची दिसली की मी ती बदलत नाही, महिना बघतो. शकाचा सन करताना लोक सरसकट 78 मिळवतात, पण शके 1820 चा माघ 1899 मध्ये येतो. अशी चूक दिसली की समजावं, या माणसाजवळ तिथी लिहिलेली जुनी वही आहे. त्याला दुखवलंस तर ती वही गेली.

मी दुखवलंय. माझ्या आजोबांपुढे कुणीतरी दोन बायका लावल्या होत्या. मी म्हटलं, माहेरचं एक नाव, सासरचं एक, बाई एकच. एका रात्रीत दोन्ही नोंदी एकत्र केल्या आणि झोपलो. माझ्याकडे कागद नव्हता असं नाही. आजोबांच्या वारस नोंदीत पत्नी म्हणून एकच नाव होतं, आणि ती नोंद अधिकृत होती. माझ्या जागी कुणीही तेच केलं असतं, असं मला अजून वाटतं. चार दिवसांनी एका वयस्कर बाईंचा निरोप आला: ‘ती माझी पणजी. बाळंतपणात गेली. मुलगी वाचली, आजोळी वाढली.’ वारस नोंद झाली तेव्हा ती कधीच गेलेली होती, मग तिचं नाव त्यात येणार कुठून?

माझ्या आजीच्या गळ्यात चांदीचा छोटा टाक असायचा. सवतीचा टाक, आधीची बायको गेली की दुसरीने तिच्या नावाने घालायचा तो. लहानपणी तिच्या मांडीवर बसून मी तो बोटांनी फिरवत असे. पुरावा माझ्या हातात होता, आणि मी सातबारा बघत बसलो. नोंदी मी पुन्हा वेगळ्या केल्या, आणि त्याला बराच खटाटोप पडला. माफी मागितली. बाईंनी उत्तर दिलं नाही. त्या परत वृक्षावर आल्याच नाहीत. त्या मुलीचं पुढे काय झालं, तिला किती मुलं, हे सगळं त्यांच्याजवळच राहिलं. म्हणून सांगतो, आणि पुन्हा सांगेन: मूळ शोध, मग हात लाव.

आज त्या बाईंना निरोप लिही. इंग्रजीत लिही, पण नावं देवनागरीतही दे, त्यांना ती बघायची असतील. ‘तुम्ही चुकलात’ हे शब्द नकोत. तुमच्या कागदावर गावाचं नाव कसं लिहिलंय, त्याचा फोटो पाठवाल का, एवढंच विचार. पंधरा दिवस थांब. तोवर टिपांच्या जागेत तुझा पुरावा लाव आणि नोंद आहे तशी राहू दे.

रविवारी ये. येण्याआधी थोरल्या घरच्या आजीला विचारून ये, सर्वपित्रीला ते कुणाकुणाच्या नावाने पान वाढतात. त्यात तिथी माहीत नसलेला कुणी आहे का, हे मुद्दाम विचार.

तुझा,
काका