अक्षरओळख घरच्या घरी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. 'अ' पासून 'ज्ञ' पर्यंत घडाघडा म्हणून दाखवतो. पण पुस्तकातल्या 'म' वर बोट ठेवून 'हे काय?' विचारलं की गप्प बसतो. आमचं काय चुकतंय?

उत्तर : त्याला गाणं पाठ आहे, अक्षर ओळखीचं नाही. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. वर्णमालेचा क्रम उच्चाराच्या जागेनुसार लावलेला आहे. क-वर्ग कंठातून येतो, प-वर्ग ओठांपाशी येऊन थांबतो. कानाला हा क्रम सुरेख लागतो, पण डोळ्याला त्याचा काही उपयोग नाही, कारण क, ख, ग, घ यांची वळणं एकमेकांशी जुळतच नाहीत. म्हणून ओळख करून देताना वळणाचा क्रम धरा. ग, म, भ, न हा जुना गट आजही उत्तम आहे. पुढे र, स, मग व, ब, क, मग त, ल, प. मुलाच्या स्वतःच्या नावातलं एखादं अक्षर मधेच घुसवलं तरी बिघडत नाही. उलट ते सगळ्यांत लवकर लक्षात राहतं.

एका वेळी दोनच अक्षरं घ्या, तीही दिसायला अगदी निराळी. ग आणि स चालतील, म आणि भ नकोत. पहिल्या दिवशी फक्त तुम्ही बोला : 'हा ग. हा स.' दुसऱ्या टप्प्यात त्याने बोलायचं नाही, करायचं : 'ग माझ्या हातावर ठेव. स उशीखाली लपव. ग खिडकीत नेऊन ठेव.' या टप्प्याला भरपूर वेळ द्या, दोन-तीन दिवस गेले तरी चालतील. तिसऱ्या टप्प्यात विचारा, 'हा कोणता?' बहुतेक घरांत पहिल्याच मिनिटाला हा तिसरा प्रश्न येतो आणि मूल गप्प होतं. त्याचं उत्तर चुकलं तर 'नाही, चूक' म्हणू नका. टप्पा अजून पिकलेला नाही एवढंच समजा आणि लपवालपवीवर परत या. पाच ते दहा मिनिटं पुरेत. आठवड्याला दोन-तीन अक्षरं झाली तरी गती चांगली आहे.

प्रश्न : सँडपेपरची अक्षरं घरी करून पाहिली. निम्मी अक्षरं उलटी कापली गेली, उरलेल्यांच्या कडा दोन दिवसांत सुटल्या. नीट पद्धत सांगाल का?

उत्तर : या दोन्ही अडचणी जवळजवळ प्रत्येकाला येतात. मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोममध्ये बालगृह सुरू केलं, तेव्हापासून हे साधन बालवाड्यांत रुळलेलं आहे. विकतचे संचही मिळतात, पण त्यांत मराठी वळणाची अक्षरं असतीलच असं नाही.

आधी कागद निवडा. सँडपेपरच्या पाठीवर क्रमांक छापलेला असतो. १२० ते १५० घ्या. ६० किंवा ८० क्रमांक बोटाला ओरखडे काढतो आणि मूल दुसऱ्या दिवशी हात लावत नाही. २२० च्या पुढचा इतका मऊ असतो की पुठ्ठा आणि अक्षर यांतला फरकच कळत नाही. पुठ्ठा गुळगुळीत हवा, साधारण १२ बाय १५ सेंटिमीटर. खोक्याचा नागमोडी पुठ्ठा नको. त्याच्या उंचसखल रेषाच बोटाला जास्त जाणवतात.

अक्षर ९ ते १० सेंटिमीटर उंच आणि रेघ १० ते १२ मिलिमीटर रुंद ठेवा. रेघ यापेक्षा बारीक झाली तर बोट सारखं खाली घसरतं. खरखरीत बाजूवर पेन्सिल उमटत नाही, म्हणून आपण पाठीवर आखतो आणि तिथेच अक्षर उलटं होतं. त्यावर उपाय असा : पातळ कागदावर जाड मार्करने अक्षर काढा, कागद पालथा करा. मागून दिसणारं उलटं अक्षर वर राहील अशा बेताने तो सँडपेपरच्या पाठीवर चिकटवा आणि दोन्ही मिळून कापा. 'ग' ची उभी रेघ आखताना डावीकडे दिसली की समजा, कापल्यावर ती उजवीकडे येणार. 'ठ' किंवा 'ध' यांच्या आतल्या पोकळीसाठी कात्री मधे खुपसू नका, कागद फाटतो. बाहेरून एक छेद घेऊन आत शिरा. चिकटवताना छेदाची तोंडं जुळवली की तो दिसतही नाही. कात्री जुनी वापरा, सँडपेपरने धार बोथट होते.

कडा सुटतात त्या गोंद मधे जाड आणि कडेला कमी लागल्यामुळे. पांढऱ्या गोंदातलं पाणी सँडपेपरची पाठ शोषून घेते, कागद फुगतो आणि वळतो. गोंद पातळ लावा, बोटाने अगदी कडेपर्यंत पसरवा, वर साधा कागद ठेवून जड पुस्तकांखाली रात्रभर दाबा. सुकल्यावर दोन खुणा करा. जिथून लिहायला सुरुवात होते तिथे हिरवा ठिपका आणि पुठ्ठ्याच्या तळाशी एक रंगीत पट्टी. पट्टी नसली तर मूल पुठ्ठा कसाही धरतं आणि उलटं अक्षर गिरवत बसतं.

गिरवायचं तर्जनी आणि मधलं बोट जोडून, लिहिण्याच्याच दिशेने, शिरोरेघ शेवटी. बोट फिरत असताना एकदाच सावकाश आवाज : 'म'. दोन-तीनदा झालं की बास. त्याआधी हात कोमट पाण्याने धुऊन पुसले तर बोटांना खरखर अधिक जाणवते. आणि कृपा करून सगळी अक्षरं एका बैठकीत कापू नका. सहा करा, ती वापरात आली की पुढची.

प्रश्न : संगणकावरून अक्षरं छापून घेतली, तर 'ल' आणि 'श' पाठ्यपुस्तकापेक्षा वेगळे आले. चालतील?

उत्तर : चालवू नका. महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या निर्णयात मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श धरलेला आहे, शाळेत तीच रूपं येतात. अनेक फाँट हिंदी वळण छापतात. एक तर फाँट बदला, नाहीतर ही दोन अक्षरं हाताने काढा. दुसरं वळण मूल पाट्यांवर पुढे बघेलच, पण सुरुवातीला एका आवाजाला एकच रूप असू द्या.

प्रश्न : वाळूच्या ताटात मुलगी अक्षर काढते, पण रेघ लगेच बुजते. मग ती नुसती वाळू उडवत बसते.

उत्तर : थर जाड झालाय. २५ बाय ३५ सेंटिमीटरच्या तबकाला चाळलेली कोरडी बारीक वाळू दीड ते दोन कप पुरते. थर चार-पाच मिलिमीटरचाच हवा. तळाला गडद कागद चिकटवा. बोट फिरलं की खालचा रंग उघडा पडतो आणि रेघ ठसठशीत दिसते. खरी गंमत त्या रंगाचीच आहे. तबकाला तीन सेंटिमीटरची कड असावी आणि खाली जुनी चादर. वाळूऐवजी बारीक रवा चालतो, पण झाकून ठेवा, नाहीतर अळ्या होतात. मीठ दमट हवेत गोळे धरतं आणि बोटाला खरचटलेलं असेल तर झोंबतं.

अक्षराचं कार्ड तबकाच्या वरच्या बाजूला ठेवा. आधी कार्डावर बोट, लगेच वाळूत. कार्ड नसेल तर तिने नक्की काय काढायचं? मग उडवणंच उरतं.

प्रश्न : 'क कमळाचा' शिकवलं. आता क दाखवला की मुलगा 'कमळ' म्हणतो!

उत्तर : एका अक्षराला एकच चित्र चिकटलं की असं होणारच. त्याच्या लेखी ते चित्राचं नाव आहे. चित्र बाजूला ठेवा आणि प्रत्येक आवाजासाठी घरातल्या तीन-चार खऱ्या वस्तू टोपलीत गोळा करा.

वस्तू निवडताना एक गोष्ट सहज निसटते. किल्ली, केळं, कुलूप यांचा पहिला आवाज क-चाच आहे, पण लिहिताना तिथे कि, के, कु येतं. वस्तूखाली नाव लिहून ठेवलं तर मूल त्यात शिकलेला सुटा क शोधतं आणि गोंधळतं. म्हणून नावाची चिठ्ठी लावायची असेल तर सुरुवातीला पहिलं अक्षर बिनकान्यामात्रेचं असलेली नावं घ्या : कप, कपाट, कढई. म साठी मणी, मगर, मफलर. ग साठी गवत, गजर. न साठी नळ, नख. भ ला अशी वस्तू पटकन सापडत नाही, तिथे भांडं घ्या, फक्त चिठ्ठी लावू नका.

ण आणि ळ शब्दाच्या सुरुवातीला शोधू नका, मिळणार नाहीत. तिथे शेवटचा आवाज विचारा : बाण, फळ. ङ आणि ञ सध्या सोडून द्या. च, ज, झ यांना मराठीत दोन-दोन उच्चार आहेत. 'चाक' मधला आणि 'चार' मधला च वेगळा, 'झाड' आणि 'झेंडा' यांतला झ वेगळा. एकाच टोपलीत दोन्ही ठेवलेत आणि मूल 'हे सारखं नाही' म्हणालं तर त्याचा कान उत्तम आहे. आधी एका उच्चाराच्या वस्तू, काही दिवसांनी दुसऱ्या.

प्रश्न : घ आणि ध सतत उलटसुलट होतात. ग तर कधीकधी आरशातला लिहिते. मुलगी पाच वर्षांची आहे. काळजी करावी का?

उत्तर : पाचव्या वर्षी नको. कप उलटा ठेवला तरी कपच असतो, हे मुलं आतापर्यंत शिकलेली असतात. दिशा बदलली की वस्तूच बदलते, हा नियम अक्षरांपाशी पहिल्यांदाच भेटतो. साधारण सात वर्षांपर्यंत हे आपोआप कमी होतं. त्यानंतरही वाचन-लेखन दोन्ही अडखळत असेल तर तज्ज्ञांना दाखवा.

घ-ध, म-भ, व-ब, प-ष या जोड्या एकत्र शिकवू नका. एक पक्कं होऊन दोन-तीन आठवडे गेले की दुसरं आणा. तेव्हा मात्र दोन्ही शेजारी ठेवून फरकाची जागाच रंगवा. ध आणि भ यांची शिरोरेघ डावीकडे तुटलेली असते. त्या फटीत लाल ठिपका द्या. पाटीवर दहा-दहा वेळा ध गिरवून घेण्याने फरक कळत नाही, फक्त हात दुखतो.

प्रश्न : घरी खेळायची कणीक करायची आहे. घरात दीड वर्षाचं बाळही आहे.

उत्तर : मैदा २ कप, मीठ १ कप, तेल २ मोठे चमचे, पाणी पाऊण ते एक कप. मैदा आणि मीठ कोरडंच मिसळा, तेल चोळा, पाणी थोडंथोडं घालत पाच-सहा मिनिटं मळा. हाताला चिकटली तर चमचाभर मैदा, भेगा पडल्या तर पाण्याचा हात. मीठ हवेतला ओलावा ओढतं, म्हणून दुसऱ्या दिवशी ती चिकट लागते. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, वापरताना पुन्हा थोडा मैदा मळा. वास बदलला की टाकून द्या. यात मीठ इतकं असतं की बाळाने किंवा घरातल्या प्राण्याने गोळा गिळला तर ते धोक्याचं आहे. बाळ झोपलेलं असतानाच डबा उघडा.

अक्षराचं कार्ड पारदर्शक प्लास्टिकखाली ठेवा आणि पेन्सिलीएवढ्या जाड वळ्या त्यावर बसवायला सांगा. उभ्या दांड्या आधीच करून ठेवल्या तर मुलांना मजेशीर शोध लागतो : ग, म, न, प, त, स या सगळ्यांना तीच दांडी लागते, क आणि फ यांना ती मधोमध लागते, ट, ठ, ड, द यांना उभी दांडी नाहीच.

बाटल्यांच्या झाकणांवर अक्षरं लिहून खेळणारे पुष्कळ आहेत. टॉयलेट पेपरच्या रिकाम्या नळकांड्यातून जे आरपार जातं ते तीन वर्षांखालच्या बाळाच्या हाती नको. झाकण जातं. सुटी छोटी लोहचुंबकं तर घरात लहान मूल असेपर्यंत आणूच नका. दोन गिळली गेली तर ती आतड्यात एकमेकांना चिकटून इजा करतात.

प्रश्न : चार वर्षांचा मुलगा पेन्सिल मुठीत धरतो.

उत्तर : लांब पेन्सिल काढून घ्या. मेणखडूचे दोन-तीन सेंटिमीटरचे तुकडे द्या. एवढासा तुकडा मुठीत मावत नाही, बोटांच्या चिमटीतच धरावा लागतो. कागद टेबलावर न ठेवता भिंतीवर, त्याच्या डोळ्यांच्या उंचीला चिकटवा. मनगट आपोआप मागे झुकतं. सोबत कपड्यांचे चिमटे लावणं-काढणं, ड्रॉपरने रंगीत पाणी थेंबथेंब टाकणं हे चालू द्या. लिहायची सक्ती या वयात नकोच.

प्रश्न : काना-मात्रा कधी सुरू करायच्या? सगळी मुळाक्षरं संपल्यावरच ना?

उत्तर : तोवर थांबण्याची गरज नाही. ग, म, भ, न, र, स एवढी सहा आली की नग, मन, रस, सर, मगर, नगर, गरम हे शब्द कार्डं लावून तयार होतात. वाचताना शेवटचं अक्षर आखूड म्हणून दाखवा, नाहीतर मूल 'मन' चं 'मना' करतं. दहा-बारा शब्द जमले की काना द्या : नाग, मान, मामा, गारा, सारस. आपण शब्द वाचतोय हे कळलं की पुढच्या अक्षरांची मागणी मूलच करतं.

यासाठी सरकती मात्रा करा. सगळ्या कार्डांवर शिरोरेघ वरच्या कडेपासून चार सेंटिमीटरवरच असू द्या, म्हणजे वर मात्रेला जागा राहते. कार्डाच्याच उंचीच्या जाड पारदर्शक प्लास्टिकच्या पट्ट्या कापा आणि प्रत्येकीवर न पुसणाऱ्या मार्करने एकेक चिन्ह काढा. पट्टी ग वर ठेवली की गा, म वर सरकवली की मा. शिरोरेघांची उंची कार्डागणिक बदलली तर मात्रा हवेत तरंगते आणि सगळा खटाटोप वाया जातो.

क्रम असा ठेवा : काना, दुसरी वेलांटी, एक मात्रा, कानामात्रा, मग दोन्ही उकार. पहिली वेलांटी मागे ठेवा. ती लिहायची अक्षराच्या आधी आणि ऐकू येते नंतर, त्यामुळे डावीकडून वाचणारं मूल अडतं. तिची पट्टी वेगळ्या रंगात काढा आणि आधी अक्षर ठेवून, त्याचा आवाज म्हणून, मगच पट्टी डावीकडून सरकवायला सांगा. 'रु' आणि 'रू' पट्टीने जमत नाहीत, त्यांची स्वतंत्र कार्डं करा.