वापरलेली पोर्श बॉक्स्टर घेतली आणि पुढची डावी बाजू बसली. चारही शॉकअप बदलावे लागतील का?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: ब्रिटनमध्ये डीलरकडून २००१ची बॉक्स्टर घेतली. तिसऱ्या आठवड्यात पार्किंगमध्ये स्टेअरिंग वळवताना पुढून ‘टण्ण’ आवाज यायला लागला. आता पुढची डावी बाजू खाली बसलेली दिसते आणि जवळच्या गॅरेजने चाक न काढताच चारही शॉकअप बदलायला सांगितले आहेत.

इतक्यात होकार देऊ नका. गाडीचं वजन पेलते ती स्प्रिंग. शॉकअपचं काम स्प्रिंगचे हेलकावे आवरण्याचं. शॉकअप गेला की गाडी खड्ड्यानंतर डुलत राहते, पण एका कोपऱ्यात बसत नाही. बसली आहे आणि वर स्टेअरिंग वळवताना आवाज येतोय, म्हणजे पहिला संशय तुटलेल्या स्प्रिंगवर घ्यायचा. माझ्याकडेही याच पिढीची, म्हणजे ९८६ (१९९६ ते २००४), गाडी आहे आणि तिची पुढची स्प्रिंग अशीच गेली होती. खात्री होईपर्यंत गाडी चालवू नका. तुटलेलं टोक टायरला घासून तो फाडू शकतं, आणि हे हायवेवर झालं तर गाडी हातात राहत नाही.

बघायचं कसं ते सांगतो. गाडी सपाट जागेवर उभी करा. चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना मोजा. जमिनीपासून मोजू नका, हवेच्या कमीजास्त दाबाने फसगत होते. पुढच्या दोन चाकांत १० मिलिमीटरच्या वर फरक असेल तर काहीतरी नक्की आहे. मग स्टेअरिंग पूर्ण वळवून ठेवा आणि टॉर्च घेऊन चाकामागे बघा. नजर स्प्रिंगच्या सगळ्यात खालच्या वेढ्यावर, जिथे ती शॉकअपवरच्या वाटीत बसते तिथे. ९८६ची स्प्रिंग बहुतेक वेळा तिथेच तुटते. वाटीत पाणी आणि चिखल साचतो, हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ त्यात मिसळतं, स्प्रिंगवरचा रंग उडाला की तिथे गंजाचा खड्डा पडतो आणि दर हेलकाव्याला ताण त्याच खड्ड्यावर येतो. माझ्या स्प्रिंगचा तुकडा निघाला तेव्हा तुटलेल्या तोंडाचा एक कोपरा काळपट तपकिरी होता, बाकीचा भाग ताज्या पोलादासारखा करडा. म्हणजे चीर बरीच आधी पडली होती, तुटली मात्र अचानक.

पुढच्या चाकांबरोबर अख्खी स्प्रिंग वळते. खालचं टोक जागेवरून सुटलं की ती अडकते, मग झटक्यात घसरते. तुमचा ‘टण्ण’ तिथून येत असणार. शॉकअप वरून गाडीला जिथे जोडलेला असतो त्या माउंटचं बेअरिंग गेलं तरी असाच आवाज येतो. स्प्रिंग धडधाकट आहे हे डोळ्यांनी बघितल्यावरच, दुसऱ्याला स्टेअरिंग सावकाश वळवायला सांगून स्प्रिंगला बोटं हलकेच टेकवा. ती गुळगुळीत न वळता झटके देत असेल तर बेअरिंग.

स्प्रिंग शाबूत निघाली तर पुढची पायरी लिंक रॉड, म्हणजे गाडीचा कल आवरणाऱ्या अँटी-रोल बारला जोडणारी छोटी दांडी. छोट्या खड्ड्यांवर, कमी वेगात खडखड होत असेल तर या गाडीत तोच पहिला गुन्हेगार. त्यानंतर लोअर आर्म, म्हणजे चाकाला खालून धरणारा दांडा: ब्रेक दाबताना एक ठोका आणि गाडी किंचित ओढ घेत असेल तर त्याचा बुश (सांध्यातलं रबर) किंवा बॉल जॉइंट (चाकाकडचा गोल सांधा). चाक जॅकवर घेऊन वर-खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. खेळ नाहीसा झाला तर व्हील बेअरिंग, तसाच राहिला तर बॉल जॉइंट. डावं-उजवं धरून हलवल्यावर खेळ असेल तर टायरॉड एंड (स्टेअरिंगच्या दांडीचं चाकाकडचं टोक) बघा. बोनेट दाबून गाडी किती वेळा डुलते ते बघायची जुनी पद्धत या गाडीला लावू नका. तिची बांधणीच इतकी कडक आहे की त्यातून काही कळत नाही. शॉकअपवर तेलाचा नुसता ओशटपणा चालतो. ओघळ आला असेल तरच तो गेला.

पाना हातात घ्यायच्या आधी मात्र एक काम आजच करा. डीलरकडून घेतलेल्या गाडीत दोष निघाला तर २०१५च्या कन्झ्युमर राइट्स ॲक्टनुसार ३० दिवसांत गाडी परत करून पैसे मागता येतात. त्यानंतरही पहिल्या सहा महिन्यांत दोष दिसला तर तो विक्रीच्या वेळीच होता असं धरलं जातं, पण तेव्हा डीलरला दुरुस्तीची एक संधी द्यावी लागते. तुमचा तिसरा आठवडा चालू आहे. फोटो काढा, मोजलेली अंतरं लिहा आणि डीलरला ईमेल करा, नुसता फोन नको. गाडीच्या नंबरवरून सरकारी साइटवर एमओटीचा, म्हणजे ब्रिटनमधल्या सक्तीच्या वार्षिक तपासणीचा, जुना इतिहास फुकट दिसतो. मागच्या तपासणीत ‘स्प्रिंग गंजलेली’ असा शेरा असेल तर तोही जोडा. तुम्ही आधीच सगळं उघडून बसलात तर पुरावा तुमच्याच हाताने जातो.

गाडी ठेवायची आणि खर्च तुम्हीच करायचा असं ठरलं, तर पुढच्या दोन्ही स्प्रिंग बदला, एकच नको. नवी एका बाजूला आणि वीस वर्षांची दुसऱ्या बाजूला असेल तर गाडी वाकडीच उभी राहणार. मागवण्याआधी पुढच्या डिकीच्या (या गाडीचं इंजिन सीटांच्या मागे असतं, समोर डिकी) झाकणाखालचं ऑप्शन कोडचं स्टिकर वाचा. त्यावर ०३० असेल तर गाडीला स्पोर्ट सस्पेन्शन आहे आणि तिच्या स्प्रिंग वेगळ्या. शॉकअप कंपनीतूनच आलेले, तितकेच जुने असतील तर पुढची जोडी याच वेळी बदलणं शहाणपणाचं, कारण मजुरी तीच. मूळच्या जवळचे हवे असतील तर बिलस्टाइन बी४ चांगले. वरचं माउंट, बंप स्टॉप (शॉकअप पूर्ण दबल्यावर धक्का झेलणारा ठोकळा) आणि धूळ अडवणारं रबरही नवं घ्या. मागचे दोन शॉकअप कोरडे असतील तर त्यांना हात लावू नका; त्यांची वरची टोकं उघडत्या छताखाली दडलेली असतात, तिथली मजुरी उगाच भरू नका.

घरी करणार असाल तर शॉकअप स्प्रिंगसकट बाहेर काढण्यापर्यंतच करा. गाडी स्टँडवर, फक्त जॅकवर कधीच नाही. पुढच्या डिकीत वरच्या माउंटचे तीन नट आहेत, त्यांची भोकं लांबट असतात आणि कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेर कल, तिथेच जुळवलेला असतो. सोडण्याआधी माउंटची कड रंगाने आखून ठेवा. शॉकअपच्या मधोमध असलेल्या मोठ्या नटला गाडीवर अजिबात हात लावू नका, दाबलेली स्प्रिंग त्यानेच अडवून धरलेली असते. खाली शॉकअप चाक धरणाऱ्या ॲल्युमिनियमच्या कॅरियरमध्ये घट्ट बसलेला असतो. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. छिन्नी-हातोडा चालवलात तर कॅरियरला चीर जाईल. ब्रेकची नळी आणि एबीएसची वायर क्लिपमधून आधीच सोडवा, त्यांच्यावर ताण येता कामा नये.

स्प्रिंग बदलायला मात्र तो सगळा जोड स्प्रिंग दाबून धरणारा भिंतीवरचा कॉम्प्रेसर असलेल्या गॅरेजमध्ये घेऊन जा. दोन लांब बोल्टचे स्वस्त कॉम्प्रेसर मिळतात, ते वापरू नका. आधीच तुटलेल्या स्प्रिंगवर त्यांची पकड घसरते, आणि ती सुटली तर जबडा किंवा हात वाचत नाही.

परत बसवताना सेल्फ-लॉकिंग नट नवेच वापरा. बुशमधले बोल्ट चाक लटकत असताना पूर्ण आवळू नका. गाडीचं वजन चाकांवर आल्यावर आवळा, नाहीतर रबर कायम पिळलेलं राहून लवकर फाटतं. चाकाचे बोल्ट १३० न्यूटन मीटर, टॉर्क पान्याने, म्हणजे ठरावीक जोराला आवळणाऱ्या पान्याने.

मग चारही चाकांचं अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं), आणि आधीच्या-नंतरच्या आकड्यांची प्रिंट मागून घ्या. मागच्या चाकांचे कोन फिरवून जुळवायचे एक्सेंट्रिक बोल्ट या गाड्यांत बऱ्याचदा गंजून अडकलेले असतात. ‘मागचं जुळत नाही’ असं सांगितलं तर ते बोल्ट सोडवून किंवा बदलून पुन्हा करायला सांगा. टायरची आतली कड हाताने चाचपून बघा. बाहेरून नवा दिसणारा टायर आतून तारांपर्यंत घासलेला असू शकतो, आणि स्प्रिंगचं टोक टेकत होतं ती जागाही तिकडेच आहे. तिथे कापल्याची खूण दिसली तर तो टायर पुन्हा गाडीला लावू नका.